रात्री २ वाजता पाणी कोण वापरतं?

नमस्कार.

पाणी कमी पडायला लागलं की पाणी समितीकडे मागणी एकच येते: नवा स्रोत शोधा, आणखी एक पंप बसवा. मागणी चुकीची नाही. पण आधी आहे ते पाणी जातं कुठे, हे एकदा नीट बघू या, असं समितीचं म्हणणं आहे. त्यासाठी तुमची मदत हवी. पैशांची थोडी, माणसांची जास्त.

रात्री २ ते ४ या वेळात बहुतेक घरं झोपलेली असतात. जलकुंभातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीवरचा मीटर तेव्हा जवळजवळ थांबायला हवा. रात्रपाळीचं एखादं काम किंवा भरत असलेली एखादी टाकी सोडली, तर त्या वेळी वाहणारं बाकीचं पाणी कुणाच्याच भांड्यात पडत नाही. ते सरळ जमिनीत मुरतं. आम्ही काही जण एका रात्री त्या मीटरसमोर जाऊन उभे राहिलो. काटा आरामात फिरत होता. ‘लोक पाणी फार उधळतात’ असं दिवसभर म्हणणारे आम्ही, त्या रात्री गप्प झालो.

मोठी वाहिनी फुटली की रस्ता भरतो, ओरड होते, त्याच दिवशी दुरुस्ती होते. समजा तासाला १०,००० लिटर या वेगाने १२ तास पाणी गेलं, तर नुकसान १,२०,००० लिटरचं. आता दुसरीकडे एखाद्या नळजोडणीच्या सांध्यात मिनिटाला फक्त १ लिटर झिरपतंय असं धरा. म्हणजे दिवसाला १,४४० लिटर. जमीन ते पिऊन टाकते, वर ओलही दिसत नाही, त्यामुळे सहा महिने कुणाला पत्ता लागत नाही. हिशेब जातो २,५९,००० लिटरवर. न दिसणारी गळती मोठ्या फुटीच्या दुपटीहून जास्त पाणी खाऊन बसते, आणि अशा गळत्या एकदोन नसतात.

शिवाय ही गळती दोन्ही बाजूंनी चालते. पुरवठा बंद झाला आणि वाहिनी रिकामी झाली, की त्याच भोकातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. पुरवठा सुरू झाल्यावर नळाला पहिल्यांदा गढूळ पाणी येतं, त्याचं एक कारण हेही असू शकतं.

ती शोधायची कशी? कानाने. दाबाखालचं पाणी भोकातून बाहेर पडताना सूं असा आवाज करतं. लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर किंवा जोडणीच्या नळीवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. धातूच्या नळीतून आवाज लांबवर येतो, प्लास्टिकच्या नळीतून फारसा येत नाही, म्हणून तिथे जवळजवळच्या जागा तपासाव्या लागतात. हे काम रात्रीच होतं, कारण दिवसा गाड्यांचा गोंगाट असतो आणि घरातले नळही चालू असतात. व्हॉल्व्हमन सगळीकडे पुरे पडत नाही. एका गल्लीला चार माणसं मिळाली तरी खूप झालं.

दुसरं काम दाबाचं. दाब वाढला की त्याच भोकातून जास्त पाणी जातं. ढोबळमानाने दाब १० टक्क्यांनी उतरवला तर गळतीही तेवढीच कमी होते. रात्री मागणी नसताना व्हॉल्व्ह थोडा आवळून ठेवता येतो, पण टोकाच्या आणि उंचावरच्या घरांना पाणी पोचतं की नाही हे प्रेशर गेजशिवाय कळत नाही. असे गेज घ्यायला देणगी हवी आहे.

‘हे आपल्याच्यानं होणार आहे का?’ असं विचारणाऱ्यांसाठी: कंबोडियाची राजधानी नॉमपेन्ह इथे १९९३ साली ७२ टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. तेही वर्षानुवर्षांच्या युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात. त्यांनी जोडण्यांना मीटर बसवले, जुन्या वाहिन्या बदलल्या, चोरट्या जोडण्यांवर कारवाई केली, त्यात बड्यांनाही सोडलं नाही. पुढच्या दोन दशकांच्या आत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख एक सोन चान यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

घरमालकांकडे एवढंच मागणं आहे. झोपण्यापूर्वी सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर गळती तुमच्या हद्दीत आहे. पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्या: टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका, १५ मिनिटं फ्लश ओढू नका, भांड्यात रंग उतरला तर आतला रबर गेलाय. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी घालवतो, आणि दोष बहुतेक वेळा एका वायसरचा असतो. ज्यांना दुरुस्ती परवडत नाही त्यांच्याकडे समिती स्वतः माणूस पाठवेल. म्हणून प्लंबिंगचं काम जाणणाऱ्यांनी महिन्यातली एक सुट्टी आम्हाला द्यावी. घरात पडून असलेले चांगले वायसर, नळ, फ्लोट व्हॉल्व्हही आणून द्या.

रोख देणगीची पावती मिळेल. जमा-खर्च दर महिन्याला सूचना फलकावर लागेल आणि त्याच्या शेजारीच रात्रीच्या मीटरचे आकडेही लागतील. ते उतरले नाहीत तर जाब विचारा. फलक, टोप्या, उद्घाटन यांवर यातला एकही पैसा जाणार नाही.

पुढचे तीन शनिवार रात्री १ वाजता जलकुंभापाशी जमायचं आहे. नाव आधी समितीच्या कार्यालयात नोंदवा, म्हणजे गल्ल्या वाटून देता येतील. एकट्याने कुणी फिरायचं नाही. सळया आमच्याकडे आहेत, बॅटरी मात्र ज्याची त्याने आणावी.