प्रार्थनेत तक्रारीलाही जागा हवी

महोदय,

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात मासळीचा दुष्काळ, एलईडी दिव्यांच्या झोतात होणारी मासेमारी, अवकाळी पावसाने गळालेला आंब्याचा मोहोर आणि पोटासाठी मुंबईला किंवा आखातात निघालेली मुले यांविषयी वाचक नेहमी लिहितात आणि ते लिहिलेच पाहिजे. या साऱ्या अनिश्चिततेचा माणसाच्या देवावरील विश्वासावर काय परिणाम होतो, याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते. मालवणच्या किनाऱ्यावरील एक ख्रिस्ती म्हणून आणि बरीच वर्षे रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारा शिक्षक म्हणून त्याविषयी थोडे मांडण्याची परवानगी असावी. लिहितो आहे ते ख्रिस्ती श्रद्धेपुरते, कारण आतून ओळख आहे ती तिचीच.

संकटात श्रद्धा वाढते, असे आमच्या प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. एकाच वादळात नुकसान सोसलेल्या दोन घरांपैकी एका घरातली माणसे देवाच्या अधिक जवळ जातात, तर दुसऱ्या घरातली हळूहळू मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येईनाशी होतात, आणि त्यांच्याशी भांडण न झाल्यामुळे ती का येत नाहीत हे विचारायलाही कोणी जात नाही. मी जेवढे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, हा फरक बहुतेक वेळा त्या माणसांच्या भक्तीच्या कमी-अधिकपणाचा नसतो; मनात खरोखर जे आहे ते देवापुढे बोलण्याची मोकळीक त्यांना मिळाली की नाही, यावर तो अवलंबून असतो. ही मोकळीक आमच्याकडे आज फार कमी आहे. मोबाइलवर फिरणारे संदेश तर अमुक प्रार्थना नऊ दिवस करा, तमुक जणांना पाठवा, काम होणारच, अशी हमी देऊन मोकळे होतात आणि काम झाले नाही की दोष प्रार्थना करणाऱ्याच्या पदरात पडतो. व्यापाऱ्याची हमी खोटी ठरली तर निदान माल परत करता येतो.

बायबलमध्ये अशी हमी शोधून सापडत नाही. स्तोत्रसंहितेत एकूण 150 स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता ‘कोठवर’ हा प्रश्न देवाला लागोपाठ चार वेळा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर काळोखातच संपते. विलापाची इतर स्तोत्रे शेवटी बहुधा आशेकडे वळतात, तसे वळण त्याला नाही. ज्यांनी हे स्तोत्र पवित्र ग्रंथात ठेवले, त्यांना ते गाळून टाकता आले असते. त्यांनी ते ठेवले, याचा अर्थ देवाविषयीचे गाऱ्हाणे देवाकडेच नेणे हीसुद्धा प्रार्थना आहे, असे त्यांनी मानले. उपासनेत आम्ही मात्र स्तुतीची आणि आभाराची स्तोत्रे उत्साहाने गातो आणि ही स्तोत्रे कुणी मेल्याशिवाय सहसा उघडत नाही.

16 मे 2021 रोजी, रविवारी, तौक्ते वादळाने आमच्या किनाऱ्याला झोडपले. त्या दिवसांत करोनाच्या निर्बंधांमुळे सर्वच धर्मांची प्रार्थनास्थळे बंद होती. विजेचे खांब आडवे झाले होते, कौले उडाली होती, कुणाच्या होड्या फुटल्या होत्या, कुणाची जाळी गेली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या वाडीतल्या एका वयस्क बाईंनी नेहमीप्रमाणे ओटीवर मेणबत्ती लावून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू केला. शेजारची चार-पाच माणसे तोंडाला फडकी बांधून अंगणात अंतर ठेवून उभी राहिली. तेर्स संपल्यावर आभाराची प्रार्थना व्हायची, ती त्या दिवशी झाली नाही. कोणी तरी आठवण करून दिली तेव्हा त्या म्हणाल्या, “आज माका आभार मानूचे नायत, माका फक्त सांगूचा हा.” आणि मग त्यांनी छपराचे, पोफळींचे, मुंबईत अडकलेल्या मुलाचे सगळे एकेक करून देवाला ऐकवले, आवाज चढवून. काहींना ते खटकले. धर्मशिक्षणाच्या पुस्तकाप्रमाणे उत्तरे शिकवणाऱ्या मला त्या बाईंचा विश्वास त्या संध्याकाळी सगळ्यांत भक्कम वाटला, कारण ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी माणूस इतका वेळ भांडत बसत नाही. दुसऱ्या दिवशीही त्या त्याच वेळी ओटीवर बसल्या होत्या.

अशा प्रसंगी भोवतालच्या माणसांनी काय करावे, याचा धडा बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांकडून घेण्यासारखा आहे. त्याची दैना पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे सारे बरोबर होते. ते समजावू लागले आणि चुकले. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या या मित्रांवर, देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे. ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द आपण सांत्वनाला गेल्यावर ज्या सहजतेने उच्चारतो, ती सहजता मला अलीकडे भिववते.

तरीही गाऱ्हाणे मांडले की श्रद्धा वाढलीच, असे म्हणता येणार नाही. नुसती तक्रार माणसाला कडवट करू शकते आणि तशी माणसेही मी पाहिली आहेत. म्हणून दुसरी गोष्ट लागते ती जागा न सोडण्याची. येशूचे पुनरुत्थान झाल्याचे इतर शिष्य सांगत असताना थोमाने विश्वास ठेवायला साफ नकार दिला, हे सर्वांना माहीत असते. पण आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले तेव्हा शंका न फिटलेला थोमा त्यांच्यातच होता आणि त्यांनीही त्याला घराबाहेर काढलेले नव्हते, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. सोळाव्या शतकात येशूसंघाची स्थापना करणारे संत इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेसाठी जे नियम घालून दिले, त्यांतला एक नियम नेमका याविषयी आहे: मन कोरडे आणि अंधारलेले असताना, आधी प्रसन्न अवस्थेत केलेला निश्चय बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी आणि धीर धरावा. मला हा नियम फार व्यवहारी वाटतो. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यात आधीचा हंगाम वाया गेलेला, घरात आजारपण, अशा वेळी चर्च सोडण्याचे, नवस मोडण्याचे किंवा भावाशी कायमचे नाते तोडण्याचे निर्णय माणसे घेतात. ते निर्णय दर्या शांत होईपर्यंत थांबू शकतात, एवढेच इग्नेशियस सांगतात. अंधार पडलाच कसा, असे विचारून ते माणसाला अपराधी ठरवत नाहीत.

हा अंधार लवकर सरतोच, असेही नाही. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे 2007 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली तेव्हा देवाची जवळीक त्यांना कित्येक दशके जाणवलीच नव्हती, हे वाचून जगभर खळबळ उडाली. त्या काळात त्यांनी मरणासन्न माणसांची सेवा थांबवली नाही. 2016 मध्ये चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले, ते ही पत्रे ठाऊक असताना.

आम्हा दर्यावर्दी लोकांना जवळची वाटावी अशी एक हकिकत बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे आणि ती जेवढी सांगितली जायला हवी तेवढी सांगितली जात नाही. ख्रिस्ताचा प्रचार करणाऱ्या आणि आता कैदी असलेल्या पौलाला रोमकडे नेणारे गलबत हिवाळ्याच्या तोंडावर वादळात सापडते. सामान समुद्रात फेकले जाते, बरेच दिवस सूर्य नाही की तारे नाहीत, आणि ‘आम्ही’ असा उल्लेख करून हे लिहिणारा लूक सरळ सांगतो की, वाचण्याची सगळी आशा सुटली होती. पौलाला देवाकडून आश्वासन मिळते ते असे की, माणसे वाचतील, गलबत मात्र जाईल. गलबताच्या मालकाला हे ऐकून काय वाटले असेल, याचा विचार ज्याच्या डोक्यावर होडीचे कर्ज आहे त्याच्या मनात आधी येतो. चौदाव्या रात्री खलाशी बुडीद, म्हणजे खोली मोजायची वजन बांधलेली दोरी, टाकून पाहतात, तर वीस वाव पाणी. थोडे पुढे गेल्यावर पंधरा वाव. खडकावर आपटण्याच्या भीतीने ते मागच्या बाजूने चार नांगर सोडतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. पौल या वेळी प्रवचन देत नाही. पहाट होत असताना तो सगळ्यांना म्हणतो की, तुम्ही उपाशी आहात, काही खाऊन घ्या. मग भाकर घेऊन सर्वांसमोर देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि स्वतः खायला लागतो. गलबतावर 276 माणसे होती, असा आकडाही लूक देतो. सकाळी गलबत फुटते आणि कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, अशी सगळी माणसे मेलिता बेटाच्या किनाऱ्याला लागतात. अनिश्चिततेत श्रद्धा कशी वाढते असे मला कोणी विचारले तर मी हा अध्याय वाचायला देतो, कारण त्यात विश्वास ठेवणारा माणूस बुडीद टाकणाऱ्यांना अडवत नाही, नांगरांना हसत नाही आणि आपल्याबरोबरच्यांना जेवू घालतो.

या श्रद्धेला वेळही द्यावा लागतो. आपल्याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी 1861 मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 मध्ये. मधल्या काळात आधी वियोग, मग एकाच संसारात दोन धर्म, अशी त्यांची अवस्था होती. त्या पाच वर्षांना आज आपण आदराने पाहतो. पण आमच्या एखाद्या तरुणाने पाच महिने शंका घेतली की त्याचे आईवडील फादरांकडे धाव घेतात.

धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने मला विचारले होते, “सर, देव आयकणा नाय तर मगे प्रार्थना कित्याक करूची?” त्याच्या वडिलांना त्या हंगामात नौका विकावी लागली होती. मी तेराव्या स्तोत्राचे पान काढून त्यालाच मोठ्याने वाचायला सांगितले. वाचून झाल्यावर त्याने ‘हे बायबलमध्ये आहे?’ असे विचारले आणि वर्गातल्या बाकीच्यांनीही पाने उलटायला सुरुवात केली. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले असा माझा दावा नाही. तो मुलगा अजून येतो.

आमच्या धर्मगुरूंना माझी विनंती आहे की, रविवारच्या मिस्सेतील श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये वादळग्रस्तांसाठी, कर्जबाजारी झालेल्यांसाठी केवळ ‘धैर्य लाभो’ एवढेच न मागता त्यांचे गाऱ्हाणे त्यांच्याच शब्दांत मांडू द्यावे, आणि वाडीतल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लदीन ही सामूहिक प्रार्थना होते तेव्हा एखादे विलापाचे स्तोत्रही वाचले जावे. आपल्याला विनंती अशी की, दर नाताळात आपण जी पुरवणी काढता, तिच्यात चांदण्या, गोठे आणि केकच्या पाककृती जरूर असाव्यात, पण किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वाचकांना त्या वर्षी देवाला काय विचारावेसे वाटले, हे लिहिण्यासाठीही एक स्तंभ मोकळा ठेवावा. नावे छापू नयेत, म्हणजे अधिक जण लिहितील.

आपला,
एक वाचक,
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग