कांद्याविना वाटप

मेलबर्न

ती. बाबा आणि ती. आई यांना बायचा शि. सा. नमस्कार.

आई, तुझी समजूत झालीय की पोटाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी माझं सगळंच बंद केलंय आणि मी उकडलेल्या भाज्यांवर दिवस काढतेय. फोनवर नीट सांगता येत नाही. तू विचारतेस, मागून बाबा विचारतात आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून लिहिते.

आधी महत्त्वाचं सांगते. भलतंसलतं काही निघालेलं नाही. गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते, त्या सीलिअॅकची रक्ततपासणी केली, ती स्वच्छ आली. मग श्वासाची तपासणी झाली. आदल्या दिवशी साधा भात आणि कोंबडी, रात्रभर उपाशी, सकाळी दुधातली साखर घातलेलं पाणी प्यायचं आणि थोड्या थोड्या वेळाने नळीत फुंकत बसायचं. ती साखर पचली नाही की मोठ्या आतड्यातले जंतू तिला आंबवतात. त्यातून हायड्रोजन सुटतो, रक्तातून फुप्फुसात येतो आणि फुंकरीत सापडतो. माझ्या सापडला. घाबरू नकोस, जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांना दूध लहानपणासारखं पचत नाही. आजी दूध प्यायली की "वायू धरता" म्हणायची, आठवतं? म्हणजे हे बाबांच्या घराण्यातही होतंच.

दादाने पाठवलेली जाहिरात, रक्ताच्या थेंबातून शंभर पदार्थांची यादी देणारी, ती तपासणी मी केलेली नाही. त्यात आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात आणि ती साधारण आपण जे रोज खातो त्याचीच दिसतात. अॅलर्जीच्या डॉक्टरांच्या संघटना तिच्यावर विसंबू नका असंच सांगतात. माझ्या यादीत तांदूळ, नारळ आणि बांगडा आले असते, मग मी जगायचं कशावर?

दुधाचं सोपं आहे, दुकानात लॅक्टोज, म्हणजे ती साखर, नसलेलं मिळतं. खरा वैरी निघाला कांदा. त्याची रक्ताची तपासणी नसते, बंद करून आणि पुन्हा खाऊनच बघावं लागतं. ही पद्धत याच शहरातल्या मोनाश विद्यापीठात बसवली, तिला लो फॉडमॅप म्हणतात, म्हणजे आतड्यात आंबणाऱ्या साखरा कमी. काही आठवडे सगळे संशयित बंद, मग एकेक पदार्थ परत आणायचा, तीन दिवस वाढत्या मापाने, आणि पोट काय म्हणतं ते वहीत लिहायचं. दही निर्दोष सुटलं. दोन पोळ्या सुटल्या. कांदा अडकला. लसणातला त्रासदायक भाग पाण्यात उतरतो पण तेलात उतरत नाही, त्यामुळे पाकळ्या तेलात तळून काढून टाकते आणि त्याच तेलाची फोडणी देते. वाटपाला खोबरं, धणे, बेडगी मिरची, आणि पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या आमटीत तू तरी कधी कांदा घातलास? ती जशीच्या तशी चालते. बारा महिने चातुर्मास, फक्त मासे खाऊन, असं समज. तुमच्याकडे मासेमारीबंदीमुळे ३१ जुलैपर्यंत होड्या वर ओढलेल्या आणि मी इथे फ्रोझन का होईना बांगडा खातेय, तेव्हा कीव करायचीच तर मीच तुमची करीन.

बाबा, एकच वाईट बातमी. मोनाशच्या अॅपमध्ये काजूला लाल खूण आहे आणि आंब्यालाही एखाद-दोन फोडींपलीकडे लालच. आपल्या वेंगुर्ला-४ काजूची कलमं तुम्ही माझ्या नावाने लावलीत ना!

इथली एक पद्धत तुम्हाला सांगायचीच आहे. कुणी जेवायला बोलावलं की आधी विचारतं, तुला काय चालत नाही? ऑफिसच्या पार्टीलाही त्याचा फॉर्म येतो. हॉटेलच्या मेनूवर पदार्थापुढे जीएफ, डीएफ लिहिलेलं असतं, म्हणजे ग्लुटेन नाही, दूध नाही. पथ्य सांगितलं म्हणून यजमानीण रुसत नाही. एका मैत्रिणीकडे गेले तर तिने माझ्यापुरती बिनकांद्याची छोटी कढई वेगळी केलेली आणि त्यात टूथपिकवर माझ्या नावाची चिठ्ठी खोचलेली, भर पंगतीत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कुणी ढुंकून बघितलं नाही. एकाला शेंगदाणा चालत नव्हता, एकीला अंडं. उलट आग्रह मात्र अजिबात नाही. आपण दोनदा "नको" म्हणतो ते तिसऱ्यांदा घेण्यासाठी, इथे पहिल्या "नको"ला भांडं पुढे सरकतं. सुरुवातीला मी जेवणावळीहून अर्धपोटी घरी यायचे. आत्येपुढे असं एकदा "नको" म्हणून बघायला हवं, वर्षभर बोलणार नाही.

आता कुडाळचं स्थळ. आई, तू म्हणालीस पोटाचं बाहेर बोलू नकोस, लोक नाही ते अर्थ काढतात. मी त्याला सांगितलं. लग्नानंतर सासूच्या उसळीसमोर नाटक करत बसायला मला जमायचं नाही. त्याने एवढंच विचारलं, "मासे चालतात ना?" चालतात म्हटलं. माणूस बरा वाटतो. पण हो म्हणायला मला अजून वेळ हवाय, त्यांना तसं सांगा, आणि माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल हे मला कळतं.

चतुर्थीला येत नाही. तिकिटं परवडणारी नाहीत, त्यात तपासण्यांचे आणि डाएटिशियनचे पैसे गेले. गणपतीवरची माटवी कोण बांधणार या विचाराने नको तेवढ्या वेळा तिकिटांचे दर बघून झाले, आता ते अॅपच काढून टाकलंय. शिमग्याला नक्की. बागेच्या कर्जाचा हप्ता नेहमीच्या तारखेला जमा होईल, त्यात खंड पडणार नाही. भजनी मंडळींच्या उसळ-पावाचे पैसे वेगळे पाठवतेय, बाबा, ते खतात घालू नका.

तुमची,
बाय

ता. क. दादाला सांग, घराचे चिरे आणायचे तर पाऊस संपल्यावर आण. निम्मे माझे, पण आधी दर कळव.