आक्रमणाच्या छायेतली व्यंगचित्रे

संपादक महोदय,
युद्धाच्या काळात राज्यकर्त्यांची टिंगल नको, असे म्हणणाऱ्यांनी ब्रिटिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांची चित्रे जरूर पाहावीत. फ्रेंच फौजा कधीही किनाऱ्यावर उतरतील, या धास्तीत ब्रिटन असताना लंडनमध्ये हॅना हम्फ्री यांच्या छापील चित्रांच्या दुकानाच्या खिडकीत ही चित्रे लागत आणि बघ्यांची गर्दी होई. १७९६च्या चित्रात फ्रेंच सैन्य लंडनच्या रस्त्यावरून चालले आहे, आणि विरोधी नेते फॉक्स खांबाला बांधलेल्या पंतप्रधान पिट यांना फटके मारत आहेत! १८०५च्या चित्रात पृथ्वीच्या आकाराचे पुडिंग कापायला काटकुळे पिट आणि खुर्चीतून जेमतेम वर आलेला नेपोलियन बसलेत. पिट यांचा तुकडा मोठा, थेट अटलांटिक महासागराचा. नेपोलियन युरोप कापतो आहे. शत्रूबरोबर स्वतःच्या पंतप्रधानालाही गिलरे सोडत नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र त्यांना १७९७पासून पिट सरकारकडून वर्षाला २०० पौंड गुपचूप मिळत. त्यांना निर्भीड म्हणून गौरवणाऱ्या लेखांत बहुतेकदा याचा उल्लेख नसतो. तो व्हायलाच हवा. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ही चित्रे या हिशेबासकट शिकवावीत, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक, पुणे