एक बाही राहिली

अथणी,
24 नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तुझंच खरं झालं. वेणीची नक्षी लोकर खाते, एक गुंडा जास्त घे, असं तू बजावलं होतंस आणि मी बेळगावच्या खडे बाजारातून शंभर ग्रॅमचे पाचच गुंडे उचलले. बाबांच्या स्वेटरची पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसरीचे टाके घालायला पिशवीत हात घातला तर शेवटचा गुंडा लिंबाएवढा! कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून बघितलं. विणलेली बाही 85 ग्रॅम, उरलेली लोकर 30. तो विचारतोय, "कसे किलो लावू, टीचर?"

इथं खानापूरसारखी थंडी नाही, त्यामुळे लोकर ठेवतंय कोण? एका दुकानात कानडीत "उण्णे ऐतेनरी?", लोकर आहे का, म्हणून विचारलं तर त्यानं घोंगडीवाल्या धनगरांचा पत्ता दिला. उण्णे म्हणजे त्याच्या लेखी मेंढीचीच. शेवटी बांगडीवाल्याकडे मोरपंखी मिळाली, पण उन्हात नेऊन शेजारी धरली तर आपल्या लोकरीची सख्खी नव्हे, चुलत बहीण. गुंड्याच्या पट्टीवर शेडच्या नंबराबरोबर लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो ना, तो वेगळा. दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या, असं विणलं की फरक लपतो म्हणे. पण 30 ग्रॅममध्ये लपवून लपवून किती लपवणार?

पट्टी पाठवते, बेळगावला जाऊन तोच लॉट बघ, असं लिहायला बसले होते. त्याआधी सगळे तुकडे पलंगावर मांडले आणि सहज मोबाइलमधला दिवाळीचा फोटो उघडला. बाबा, त्या पांढऱ्या शर्टाची खांद्यावरची शिवण तुमच्या दंडावर उतरलीय. तो शर्ट तुम्हाला घट्ट व्हायचा. दिवाळीत चार दिवस तुमच्यासमोर बसून फराळ केला आणि हे मला फोटोत दिसावं!

मी टाके घातलेत 42 च्या छातीचे. माप माझ्या जुन्या वहीतलं, बी.एड.ला होते तेव्हाचं. तेव्हा तुम्ही सायकल मारत नंदगडला जायचात.

म्हणून आता लोकर आणायला कुणी बेळगावला जायचं नाही. आई, शिलाईच्या डब्यातला टेप काढ आणि बाबांची छाती, खांदा, बाहीची लांबी नीट घेऊन फोन न करता कागदावर लिहून पाठव. फोनवर तू आकडे गोल करतेस. 38 भरली तर सगळं उसवते. दोन महिन्यांचं काम जाईल, जाऊ दे. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते, पण लडी करून धुतली आणि ओलीच टांगली की सरळ होते, हे तुझ्याकडूनच शिकले. मग दुसरी बाही निघेलच, वर कानटोपीचंही बघते.

आणि त्याच कागदावर बाबांचं वजन किती भरलं आणि डॉक्टर काय म्हणाले तेही लिही. बाबा, ही ओळ तुम्ही वाचायची नाही.

टेप लावताना छाती फुगवायची नाही. श्वास सोडून उभं राहायचं.

तुमची,
धाकटी