नानाकाकांचं नाव पाठवण्याआधी

मस्कत

ती. भाऊकाकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं पत्र वाचलं. नानाकाकांना ‘प्रवासी भारतीय सन्मान’ (परदेशातल्या भारतीयांना भारत सरकार देतं तो) जाहीर झालाय म्हणे, आणि ‘नोंदणी व स्मृतिचिन्ह खर्च’ म्हणून पन्नास हजार भरायचे. एक पैसाही पाठवू नका. पत्र खोटं आहे. कशावरून ते सांगते, म्हणजे उद्या असंच दुसरं आलं तर तुम्हालाच ओळखता येईल.

आधी लेटरहेड बघा. त्यावर प्रवासी भारतीय कार्य मंत्रालय असं छापलंय. त्या नावाचं मंत्रालय होतं खरं, पण जानेवारी 2016 मध्ये ते परराष्ट्र मंत्रालयात विलीन झालं. नसलेल्या खात्याच्या कागदावर आज कोण सही करणार? मग ‘वार्षिक पुरस्कार’ हे शब्द बघा. प्रवासी भारतीय दिवसाचं संमेलन 2003 पासून दरवर्षी भरायचं, 2005 चं तर मुंबईतच भरलं. पण 2015 नंतर ते दर दोन वर्षांनी होतं: 2017 ला बंगळूरु, 2019 ला वाराणसी, 2021 ला कोरोनामुळे ऑनलाइन, 2023 ला इंदूर, 2025 ला भुवनेश्वर. सन्मान त्याच संमेलनात राष्ट्रपतींच्या हस्ते देतात. म्हणजे पुढची पाळी 2027 ची. मधल्याच वर्षी दिल्लीच्या कुठल्या हॉटेलात तो कोणी देत नाही.

पैशांचं मात्र जरा समजून घ्या, कारण लोक फसतात ते इथेच. संमेलनाला प्रतिनिधी म्हणून जायचं तर नोंदणीची फी असते, आणि ती सरकारच घेतं. पुरस्कारासाठी फी नसते. ना नाव सुचवायला, ना स्वीकारायला. ही दोन टोकं एकत्र बांधून पत्र लिहिलं की वाचणाऱ्याला ते खरं वाटतं. शिवाय नावात ‘प्रवासी’, ‘भारत’, ‘गौरव’, ‘रत्न’ असं काहीतरी असलेले खासगी संस्थांचे पुरस्कारही पुष्कळ आहेत. त्यातले काही प्रामाणिक असतात, काहींत जेवणाच्या टेबलाचे पैसे भरले की शाल-श्रीफळ मिळतं. ज्याला घ्यायचे त्याने खुशाल घ्यावेत, पण तो देशाने केलेला सन्मान नव्हे.

आता खऱ्या सन्मानाबद्दल. संमेलनासाठी 9 जानेवारी ही तारीख धरली, कारण 1915 साली त्याच दिवशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतून मुंबईला अपोलो बंदरावर उतरले. (गेटवेची कमान तेव्हा उभी राहायची होती.) तारीख दर वेळी पाळतातच असं नाही, वाराणसीचं संमेलन 21 ते 23 जानेवारीला झालं, पाहुण्यांना प्रयागराजचा कुंभमेळा आणि दिल्लीचं 26 जानेवारीचं संचलन दोन्ही बघता यावं म्हणून. निवड करणाऱ्या समितीचे अध्यक्ष उपराष्ट्रपती, उपाध्यक्ष परराष्ट्रमंत्री, बाकी निरनिराळ्या क्षेत्रांतली मंडळी. सन्मान अनिवासी भारतीयाला मिळू शकतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळू शकतो, आणि अशा लोकांनी काढलेल्या व चालवलेल्या संस्थेलाही मिळू शकतो. 2023 ला 27 जणांना दिला, 2025 लाही 27 जणांनाच. सगळ्या जगातून एवढेच! मस्कतला पहिल्याच वर्षी, 2003 मध्ये, कनकसी खिमजींना मिळाला होता.

यादीत पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षही असतात, त्याने बिचकू नका. 2017 ला पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियु कॉश्ता होते, ज्यांच्या वडिलांकडचं घराणं मडगावचं. 2025 ला त्रिनिदादच्या राष्ट्राध्यक्ष क्रिस्टीन कांगालू होत्या. पण त्याच 2025 च्या यादीत शिक्षणासाठी सिंगापूरचे अतुल टेमुर्णीकर होते, समाजसेवेसाठी ऑस्ट्रेलियातले डॉ. अजय राणे होते, आणि गयानातली सरस्वती विद्या निकेतन ही शाळाही होती. म्हणजे नानाकाकांसारख्याचं नाव पाठवण्यात वावगं काहीच नाही. फक्त ते नीट पाठवायला हवं.

त्यासाठी तुम्ही केलेला अर्जाचा मसुदा मी वाचला. राग मानू नका, पण तो निरोप समारंभातल्या भाषणासारखा झालाय. ‘थोर समाजसेवक’, ‘गोरगरिबांचा आधार’, ‘शेकडो लोकांना मदत’. समितीपुढे असे गठ्ठे येतात. तिथे काय केलं, किती केलं आणि त्याला पुरावा काय, एवढंच उपयोगी पडतं. शिवाय तुम्ही सुरुवात दुकानापासून केलीत, त्यामुळे वाचणारा त्यांना उद्योग-व्यवसायात टाकणार आणि तिथे शंभर कोटींच्या उलाढालीवाल्यांशी गाठ. त्यांचं काम समाजसेवेचं आहे, तेच पहिल्या ओळीत यावं. दुकान एका वाक्यात उरकायचं.

उदाहरण म्हणून त्यांचं सर्वांत मोठं काम घ्या: इथे वारलेल्या कामगारांचे मृतदेह गावी पाठवणं. बाहेरच्याला वाटतं, विमानाचं भाडं भरलं की झालं. प्रत्यक्षात रुग्णालयाचा अहवाल, इथला मृत्यूचा दाखला, पोलिसांची परवानगी, दूतावासाचा ना हरकत दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, एम्बामिंगचा (मृतदेह टिकवण्याच्या प्रक्रियेचा) दाखला आणि मग विमान कंपनीचं कार्गो बुकिंग. एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि रुग्णालयाच्या कागदावर दुसरं, हे तर नेहमीचंच. त्यात शुक्रवार-शनिवारची सुटी आली की गेले दोन दिवस. मालकाने हात वर केले तर दूतावासाच्या समाजकल्याण निधीतून मदत मिळू शकते, पण त्यासाठी कोणीतरी अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. ते उभं राहणं नानाकाकांचं आहे. हे असं लिहा. कोणत्या वर्षी किती जणांचं केलं, हे त्यांच्या वहीतून काढून तक्ता करा. वहीत नसलेलं धरू नका. मृतांची नावं किंवा पासपोर्ट नंबर मात्र अर्जात घालू नका, त्या घरांचा काय दोष? त्याऐवजी ज्या रुग्णालयाशी आणि कंपन्यांशी काम पडलं त्यांची दोन-तीन पत्रं जोडा, त्यांच्या लेटरहेडवर, तारखेसह. वर्तमानपत्रातली कात्रणं चालतील, पण ज्यात फक्त हार घातलेला फोटो आहे ती नकोत.

आता गावच्या शाळेच्या खोल्यांचं, आणि इथे सावध राहा. नानाकाकांचा पासपोर्ट भारतीय आहे. त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत शाळेला दिलेले पैसे कायद्याने विदेशी देणगी ठरत नाहीत. पण दुसऱ्या खोलीचे पैसे इथल्या मित्रमंडळाने गोळा करून मंडळाच्या नावे पाठवले होते असं तुम्हीच लिहिलंय. भारताबाहेर स्थापन झालेल्या मंडळाचा पैसा हा विदेशी पैसाच, मग सगळे सभासद सातारा जिल्ह्यातले का असेनात. ओसीआय कार्डवाल्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या) नातेवाइकाने दिलेलाही तसाच, कारण त्याचं नागरिकत्व परदेशी. असा पैसा घ्यायला शाळेच्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा त्या देणगीपुरती पूर्वपरवानगी लागते. आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो, गावातल्या पतसंस्थेत नाही. ही परवानगी नसताना आपण तीच देणगी अर्जात मिरवली, तर सन्मान राहिला बाजूला, हेडमास्तरांच्या मागे चौकशी लागायची. त्या खोलीचे कागद हातात येईपर्यंत अर्जात फक्त पहिली खोली राहू दे.

अर्जाची सूचना दूतावास संमेलनाच्या बरेच महिने आधी काढतो. नमुना, मुदत आणि नाव कोणी सुचवायचं हे त्या-त्या वेळच्या सूचनेत असतं, म्हणून जुना फॉर्म कुठून उतरवून भरू नका. तोवर कागद तयार ठेवायचे: पासपोर्टची प्रत, इथल्या वास्तव्याचा पुरावा, एक पानाचा परिचय, कामाचा तक्ता, पत्रं. परिचय इंग्रजीत मी करीन, तुम्ही मराठीतच पाठवा. आणि नानाकाकांना विचारल्याशिवाय काही पाठवायचं नाही. त्यांना हे आवडेलच असं मला वाटत नाही.

अजून एक. धाकट्याने चौकात लावायला फ्लेक्स करायला टाकलाय असं कळलं, तो आधी थांबवा. सन्मान खरोखर मिळाला तरी नावाच्या आधी किंवा मागे तो पदवीसारखा लावू नये. भारतरत्न आणि पद्म पुरस्कारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच तसं बजावलंय. तीच रीत इथेही पाळलेली बरी.

ते खोटं पत्र पुसून टाकू नका. ज्या नंबरवरून आलं तो नंबर आणि त्यातला खाते क्रमांक मला पाठवा, मी दूतावासात देते. तिकडे तुम्ही सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. पैसे गेले नसले तरी खातं कळवून ठेवायला हरकत नाही.

शाळेच्या संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे का, एवढं हेडमास्तरांना विचारून कळवा. काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
मंगल