आधी आपला मेन स्विच, मग शेजाऱ्याचा दरवाजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडली, म्हणजे मुंबईत पडते तेवढी, आणि रात्री पंखे बंद झाले की सोसायट्यांच्या कार्यालयांत एक ठरलेली तक्रार येते: घरात ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो, कुठून ते कळत नाही. आवाज नवा नसतो. एवढे महिने पंख्याने तो झाकलेला असतो. तक्रार मात्र बहुधा वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या नावाने होते. आवाजाचा उगम शोधायची रीत आपल्याच मेन स्विचपासून सुरू होते आणि तिला एक-दोन रात्री पुरतात. ती रीत लोकांना माहीत नसल्याने भांडणे होतात, म्हणून हे पत्र.

या आवाजाची दिशा का कळत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. आपली वीज 50 हर्ट्झची. ट्रान्स्फॉर्मरचा गाभा, जुन्या ट्यूबलाइटचा तांब्याचा चोक, मोटारीतले पत्रे एका आवर्तनात दोनदा ताणले जातात, म्हणून त्यांचा घूं 100 हर्ट्झचा असतो. त्याची तरंगलांबी साधारण 3.4 मीटर, म्हणजे 11 फूट, आणि आपल्या बेडरूमही नेमक्या तेवढ्याच. अशा खोलीत हा आवाज भिंतीशी मोठा, भिंतीपासून पावणेतीन फुटांवर जवळजवळ गायब आणि मधोमध पुन्हा मोठा लागतो. पलंगाचे डोके भिंतीला टेकवायची आपली पद्धत इथे नडते. पलंग पावणेतीन फूट पुढे ओढून झोपून पाहा. उगम सापडेपर्यंत झोप तरी लागेल.

कानाचीही परीक्षा करून घ्यावी. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे घालून आवाज वाढला, तर तो घरात नाही, कानात आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. बोटे घालून बघू नये. बोट दाबले की हाताच्या स्नायूंचीच घरघर ऐकू येते आणि माणूस फसतो.

आता मेन स्विच. रात्री एक ते तीनची वेळ उत्तम. घरात कोणी ऑक्सिजन यंत्रावर नाही ना ते बघून संगणक नीट बंद करावा आणि मेन पाडावा. इन्व्हर्टर असेल तर तोही त्याच्या बटणावरून बंद करायचा. मेन पाडला तरी तो चालू राहतो आणि बऱ्याचदा घूं त्याचाच असतो. पाच मिनिटे शांत उभे राहावे. आवाज थांबला तर चोर घरातच आहे. मग सगळे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे स्विच) खाली पाडून मेन लावायचा आणि एकेक एमसीबी उचलत जायचे, दोन एमसीबींमध्ये मिनिटभर थांबायचे. फ्रिजची लाइन मात्र पाच मिनिटांच्या आत पुन्हा लावू नये. कॉम्प्रेसरमधला दाब उतरलेला नसतो, तो अडकून घुमतो आणि शोधात नवा गोंधळ उभा राहतो.

घरातले नेहमीचे संशयित थोडेच. पंखा दोन-तीनवर घुमतो आणि पाचवर गप्प होतो, तर दोष पंख्याचा नाही, गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा. तो विजेची लाट कापून पुढे देतो. त्याजागी कपॅसिटरचा, टप्प्याटप्प्याने फिरणारा रेग्युलेटर लावला की काम संपते. फ्रिज चार रबरांवर बसलेल्या कॉम्प्रेसरमुळे सहसा गप्प असतो. मागची तांब्याची नळी पत्र्याला टेकली की पूर्ण पत्रा वाजतो. नळी बोटाने किंचित दूर धरून पाहावी. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा 24 व्होल्टचा पंप टाकी भरली तरी थांबत नसेल, तर आतला स्विच गेला आहे आणि आवाजाबरोबर पाणीही वाया जाते आहे. एसीच्या बाहेरच्या युनिटखालची रबरे दोन-चार वर्षांत कडक होतात, ब्रॅकेटचे बोल्ट खाऱ्या हवेने गंजतात, मग कॉम्प्रेसर थेट भिंत हलवतो. डीबीतून, म्हणजे एमसीबींच्या पेटीतून, घूं येत असेल आणि झाकण गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर तिथे शोध थांबवून परवानाधारक वायरमनलाच बोलवावे. ते बहुधा सैल टर्मिनल, म्हणजे तारेचा सैल जोड, आहे. आवाज ही त्यातली सर्वांत लहान अडचण.

मेन पाडूनही आवाज चालूच राहिला, तर तो बाहेरून किंवा इमारतीच्या अंगातून येतो. खिडकी उघडा. आवाज वाढला तर हवेतून, तेवढाच राहिला तर भिंतीतून. भिंतीतून येणाऱ्यासाठी स्वयंपाकघरातले लाटणे हे उत्तम उपकरण आहे. एक टोक कानाच्या पुढच्या हाडाला आणि दुसरे पाण्याच्या पाइपाला, मग कॉलमला (इमारतीच्या खांबाला), मग खिडकीच्या चौकटीला लावायचे. पाइपावर लाटणे टेकताच घूं एकदम ठळक झाला आणि कॉलमवर मंद राहिला, तर पंपाकडे चला. विजेच्या पेटीला मात्र लाटणे सोडून दुसरे काही, विशेषतः स्क्रूड्रायव्हर, लावू नये.

आणि वेळा लिहा. आठवडाभर कागदावर सुरू-बंदच्या वेळा लिहिल्या की यंत्र स्वतःच ओळख देते. पंधरा-वीस मिनिटे चालून तेवढेच थांबतो तो फ्रिज. दिवसातून दोनदा, वरची टाकी भरेपर्यंत चालतो तो सोसायटीचा पंप. महापालिकेचे पाणी येण्याच्या वेळेलाच वाजतो तो खालच्या टाकीचा बॉलकॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्याचा नळ: अर्धवट मिटताना वॉशर थरथरतो आणि तो थरार पाइपातून सातव्या मजल्यापर्यंत जातो, वॉशर बदलून बॉलकॉकच्या आधीचा व्हॉल्व्ह थोडा आवळला की थांबतो. चोवीस तास एकाच सुरात येतो तो बहुधा ट्रान्स्फॉर्मर. मध्यरात्री सगळे मीटर मंदावले की व्होल्टेज चढते, गाभ्याचा आवाजही किंचित चढतो आणि भोवताली शांतता असल्याने तो दुप्पट वाटतो. त्यासाठी सबस्टेशन ज्याचे, त्यालाच लिहावे लागते: शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. शेजारी पुनर्विकासाचा खड्डा असेल तर उपसापंप रात्रभर चालू-बंद होतात. नव्या टॉवरमध्ये सांडपाणी प्रकल्पाचा ब्लोअर आणि तळघराचे पंखे बघावेत.

मुंबईत सर्वांत जास्त वेळा दोषी निघतो तो पंप, आणि सर्वांत चुकीची दुरुस्तीही त्याचीच होते. दोन पोलांची मोटार मिनिटाला सुमारे 2900 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 48. इम्पेलरला (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकाला) सहा पाती असतील तर 290 हर्ट्झचा सूर. फोनवरच्या स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातले सूर वेगवेगळे, दाखवणाऱ्या ॲपमध्ये त्या जागी उभी रेघ दिसली, तर संशय घट्ट होतो. (50 हर्ट्झच्या आसपास फोनचा माइक कच्चा, तिथे त्याच्यावर विसंबू नये.) कमिटी मग पंपाखाली रबरी पॅड घालते आणि आवाज तसाच राहतो, कारण पंपाला जोडलेला लोखंडी पाइप भिंतीत सिमेंटने पक्का असतो आणि बोल्ट पॅडमधून थेट काँक्रीटमध्ये गेलेले असतात. कंपनाने रबर सोडून लोखंडाचा रस्ता धरलेला असतो. दुरुस्ती तीन ठिकाणी एकाच वेळी करावी लागते: पंपाच्या दोन्ही बाजूंना पाइपात रबरी बेलो (लवचिक सांधे), बोल्टना रबरी बुश (बोल्टवर चढणाऱ्या छोट्या नळ्या) व वॉशर, आणि पाइपाच्या क्लॅम्पांना रबरी अस्तर. स्लॅबमधून पाइप जातो तिथले सिमेंट फोडून मोठ्या नळीतून तो नेणे आणि फट काचलोकरीने भरणे, हे काम कंटाळवाणे म्हणून टाळले जाते. फरक मात्र बहुधा त्यानेच पडतो. बोल्ट ‘चांगले आवळा’ असे सांगणाऱ्याला थांबवा. चेपलेले रबर म्हणजे लाकूड.

पण कमिटीला हे पटवायचे कसे? पंपवाल्याने तासाभरात चार-पाच वेळा, मनाला येईल तेव्हा पंप चालू-बंद करावा आणि वेळा स्वतः लिहाव्यात. वर घरातल्या माणसाने काही न कळवता आपल्याला ऐकू येईल त्या वेळा लिहाव्यात. नंतर दोन्ही कागद सेक्रेटरींसमोर ठेवावेत. वेळा जुळल्या तर वाद उरत नाही. न जुळल्या तर पंपाचा खर्च वाचला.

शेवटचा मुद्दा मोजणीचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्री दहा ते सकाळी सहाची मर्यादा 45 डेसिबल आहे, पण ती ‘ए’ मापनात. हे मापन कानाची नक्कल करताना 100 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल आणि 50 हर्ट्झला 30 डेसिबल वजा करते. म्हणजे 100 हर्ट्झचा 60 डेसिबलचा घूं मीटरवर 41 दिसतो आणि तपासायला आलेला माणूस ‘मर्यादेत आहे’ असे लिहून जातो. मीटरवर ‘सी’चेही बटण असते, ते खालचे सूर फारसे वजा करत नाही. दोन्ही आकडे घ्यायला सांगा. फरक वीसच्या आसपास असेल तर आवाज खालच्या सुराचाच आहे, आणि तक्रारीच्या अर्जात तो फरक वेळेसह लिहा. पुनर्विकासाचे करार सध्या गल्लोगल्ली होत आहेत. पार्किंगचे चौरस फूट मोजणाऱ्या सभासदांनी पंपखोलीच्या कलमात ‘बेलो, बुश, अस्तर लावलेले क्लॅम्प आणि स्लॅबमध्ये नळी’ एवढे शब्द आत्ताच घालून घ्यावेत. नंतर भिंत फोडून बसवायला तेच काम कितीतरी महाग पडते.

आपला,
इमारत-देखभालीच्या कामातील एक वाचक, परळ, मुंबई