मोजायचंच नाही, मग संबंध दिसेल कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आतल्या पानावर, सराफाच्या जाहिरातीखाली, संसदेतलं ते उत्तर वाचलं. मृत्यू केवळ हवेच्या प्रदूषणामुळे झाला असा थेट संबंध दाखवणारी निर्णायक माहिती उपलब्ध नाही म्हणे. चार ओळींची बातमी, तीही एजन्सीची. चंद्रपूरच्या आवृत्तीत तरी तिला बरी जागा द्यायची. पण असो. हे उत्तर इतक्या वेळा आलंय की छापून तुम्हीही कंटाळला असाल.

2019 च्या डिसेंबरात तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनीही लोकसभेत असंच काहीसं सांगितलं होतं: प्रदूषणाने आयुष्य कमी होतं असं दाखवणारा भारतीय अभ्यासच नाही. आता गंमत बघा. त्याच्या वर्षभर आधी, सरकारच्याच आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) शास्त्रज्ञ ज्यात होते तो अभ्यास प्रसिद्ध झाला होता. 2017 या एका वर्षात देशात 12.4 लाख मृत्यू प्रदूषित हवेच्या खात्यावर, आणि हवा बरी असती तर सरासरी आयुष्य 1.7 वर्षांनी जास्त, असा त्याचा हिशेब. मग म्हणतात, हे सगळे अंदाज आहेत, गणिती मॉडेलं आहेत. बरोबर आहे, अंदाजच आहेत. प्रत्यक्ष मोजायची सोय कुणी ठेवलीय इथे?

माझ्या थोरल्या भावाचं सांगतो. दादाचं घुग्घुस रस्त्याला सायकल दुरुस्तीचं दुकान. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक. ताडपत्री अर्धी उडालेली, खड्ड्यात चाक गेलं की वरून बारीक चुरा खाली. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवायचं घमेलं असायचं, त्या पाण्यावर दुपारपर्यंत काळी साय धरायची. हा माणूस तिथेच खाली बसून काम करायचा, म्हणजे नाक बरोबर ट्रकच्या चाकाच्या उंचीला. गावातलं हवा मोजायचं यंत्र कुठे आणि हे नाक कुठे!

खोकला सुरू झाला तो गेलाच नाही. दवाखान्यात प्रत्येक वेळी तेच प्रश्न. बिडी ओढता? नाही. खर्रा? नाही. घरी चूल? नाही, गॅस आहे. मग डॉक्टर जरा नाराजच व्हायचे, बहुतेक रकाना रिकामा राहतो म्हणून. दिवसभर बसता कुठे, हे एकदाही कुणी विचारलं नाही. केसपेपरवर वय, वजन, बीपी, शुगर. धंदा काय आणि राहता कुठल्या रस्त्याला, याला जागाच नव्हती.

गेल्या वर्षी दादा गेला. रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाचा जो कागद दिला त्यावर एकच ओळ: कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. अहो, हृदय आणि श्वास थांबला हे तर आम्ही खाटेशेजारी उभे राहून पाहत होतो! त्या नमुन्यात तात्काळ कारण, त्यामागचं कारण, मूळ कारण, इतर आजार अशा ओळीच्या ओळी असतात. आमच्या कागदावर त्या सगळ्या कोऱ्या. असे कागद वर दिल्लीपर्यंत जाणार आणि तिथे मंत्रीमहोदय सांगणार की माहिती निर्णायक नाही. निर्णायक सोडा, माहितीच नाही.

आणि एकेका कागदावर ‘प्रदूषण’ लिहिलेलं सापडलं तरच मानू, हा हट्टही अजबच. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर चारपाच दिवस कोळशाच्या धुराचं धुकं बसलं होतं. कुणाच्या दाखल्यावर धुकं लिहिलं होतं? ब्राँकायटिस, न्यूमोनिया, हृदयविकार, हेच होतं. पण तिथल्या जन्ममृत्यूच्या निबंधकाकडे दर आठवड्याच्या मृत्यूंची मोजदाद होती. ती धुक्याच्या दिवसांशेजारी ठेवल्यावर सुमारे चार हजार माणसं जास्त गेल्याचं दिसलं. पुढच्या अभ्यासात तो आकडा बारा हजारांच्या आसपास गेला. बिडीचं म्हणाल, तर अमेरिकेत सहा शहरांतल्या 8,111 लोकांचा 14 ते 16 वर्षं माग ठेवला, धूम्रपान वेगळं काढलं, तरी सर्वात घाणेरड्या हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वात स्वच्छ शहरापेक्षा 26 टक्के जास्त निघालं. हा अभ्यास 1993 चा. आपल्याकडेही होत नाही असं नाही. मुंबईत तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलला केईएम रुग्णालयाच्या पथकाने रहिवाशांच्या श्वासाच्या तक्रारींची पाहणी केली, म्हणून तर पर्यावरणाचे खटले चालतात त्या हरित लवादापुढे बोलायला काहीतरी हाती होतं.

चंद्रपूरला मात्र फक्त गुण मिळतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या निर्देशांकात, जिथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण, शंभरपैकी 83.88, देशात चौथा नंबर. मेरिट लिस्टच ती! त्यानंतर इथल्या किती मुलांची फुप्फुसं फुंकून तपासली? पीएम 2.5 ची, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या बारीक धुळीची, आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 5, यावर दर हिवाळ्यात चर्चासत्र होतं आणि चहा-समोसा होऊन संपतं. आशाताई तर घरोघर जातातच. त्यांच्या वहीत एक रकाना खोकल्याचा आणि एक कामाच्या ठिकाणाचा वाढवायला कुठल्या समितीचा अहवाल लागतो? आणि त्या जादा कामाचे पैसेही द्या, फुकट राबवू नका.

आता तुमच्याबद्दल. दादाची निधनवार्ता आम्ही लिहून दिली होती, त्यात ‘श्वसनाच्या जुन्या आजाराने’ असं स्पष्ट होतं. तुमच्या कार्यालयाने त्याचं नेहमीचं ‘अल्पशा आजाराने’ करून टाकलं. माणूस वर्षानुवर्षं खोकत होता, संपादक महोदय! आणि तेरवी मंगळवारी होती, तुम्ही बुधवार छापला. पैसे भरल्याची पावती आणि आमच्या हाताने लिहिलेल्या मजकुराची झेरॉक्स दोन्ही जपून ठेवल्या आहेत. बल्लारपूरची माणसं बुधवारी दारात येऊन उभी राहिली. दुरुस्ती आजतागायत आलेली नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, चंद्रपूर